मावशी, मामा आणि सिस्टर

रुग्णालयात पाऊल टाकले की माणसाचा गोतावळा एकदम वाढतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवले असेल. जिला आपण जन्मात पाहिले नाही ती बाई 'सिस्टर' होते. फरशी पुसणारी, रोग्याचे अंथरूण बदलणारी 'मावशी' होते. स्ट्रेचर ढकलणारा 'मामा' होतो. लग्नघरातसुद्धा इतक्या झटपट नाती जुळत नाहीत. मराठीचा मास्तर असल्यामुळे मला ह्या संबोधनांचे पहिल्यापासून कौतुक. आपल्या भाषेने दवाखान्याचेदेखील घर करून टाकले आहे, असे मी एकदा वर्गात मोठ्या अभिमानाने सांगितले होते. मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतले होते.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात नऊ रात्री मी एका सरकारी रुग्णालयात काढल्या. वर्गातले ते विधान मी अद्याप मागे घेतलेले नाही. ते येथे घेतो.

झाले असे की, आमची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. वय चौऱ्याहत्तर. प्रथम अर्थातच आम्ही धंतोलीत गेलो. नागपूरकरांना सांगायला नको, धंतोली आणि रामदासपेठ ह्या भागांत दर दहा पावलांवर एक खाजगी रुग्णालय आहे. तेथे मिळालेला खर्चाचा आकडा ऐकून आईच म्हणाली, "एवढ्यात तर माझं लग्न, तुझं लग्न आणि घराचा वरचा मजला झाला होता." आईचा विमा नव्हता. मी स्वतः आयुष्याची बरीच वर्षे तासिका तत्त्वावर शिकवण्यात घालवलेला. शिल्लक ती काय असणार? तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याच्या सल्ल्याने आम्ही सरकारी रुग्णालयाची वाट धरली. ते कोणते, हे सांगत नाही. नागपुरात सरकारी रुग्णालये एकाहून अधिक आहेत, आणि मी जे पाहिले ते त्यांपैकी कोठेही दिसले असते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली. आई आज काठी टेकत कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन येते. तेव्हा हा लेख तक्रार-अर्ज नव्हे.

दोनाच्या सुमारास

तिसऱ्या रात्रीची गोष्ट. दोनाचा सुमार, बाहेर धो धो पाऊस. वॉर्डात चाळीस खाटा, आणि खाटांच्या मधल्या जागेत गाद्या अंथरून आणखी दहाबारा रोगी. कामावर सिस्टर एकच. निवासी डॉक्टरही एकच. पंचविशीतला पोरगेला तरुण, डोळे तांबारलेले. आदल्या दिवशी सकाळी आलो तो अजून खोलीवर गेलो नाही, असे त्यानेच मला फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीवर सांगितले होते.

त्याचा फोन वाजला. कोणा रोग्याच्या रक्ताचा रिपोर्ट वेळेवर आला नव्हता आणि पलीकडून वरिष्ठ बोलत होते. बोलत होते म्हणजे काय, तो आवाज मला चार खाटांवरून ऐकू येत होता. "झोपा काढायला येता का इथे?" एवढे एक वाक्य छापण्याजोगे होते. फोन ठेवून तो तरुण सिस्टरकडे वळला आणि त्याच पट्टीत तिच्यावर ओरडला. सिस्टर त्याच्या आईच्या वयाची. तिने ओठ घट्ट मिटले, मावशीला हाक मारली आणि रक्ताची बाटली अजून खाली का पोचवली नाही म्हणून तिला फैलावर घेतले. मावशी त्या रात्री तीन वॉर्डांना मिळून एक होती. ती बोलली नाही. पण परत फिरताना दाराशी जमिनीवर बसलेली एक खेड्यातली बाई तिच्या पायात आली. "काऊन वं, रस्त्यात बसली? घर हाये का हे तुयं?" बाई गडबडून उठली, आणि उठता उठता तिने मांडीवर किरकिरणाऱ्या पोराच्या पाठीत एक धपाटा घातला.

पोर मोठ्याने रडू लागले. त्याच्या खाली कोणी नव्हते.

माझी थोरली मुलगी त्या रात्री माझ्यासोबत होती. नीटची परीक्षा देऊन ती वैद्यकीय प्रवेशाच्या यादीची वाट पाहत होती. तो सारा प्रकार तिने माझ्याइतकाच पाहिला. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "बाबा, सहा वर्षांनी मी पण असंच ओरडेन का हो?"

मला उत्तर देता आले नाही. तिला पुढे प्रवेश मिळाला, पेढे वाटून झाले, ती आता ॲप्रन घालून कॉलेजात जाते; पण तो प्रश्न घरात तसाच पडून आहे. हा लेख म्हणजे त्या उत्तराची माझी खटपट.

उतरंड

जुन्या घरांतून मडक्यांची उतरंड असे. सर्वांत मोठे मडके खाली, त्यावर त्याहून लहान, असे करत सर्वांत लहान मडके सर्वांत वर. आपल्या रुग्णालयांची उतरंड मात्र उलटी रचलेली आहे. जो सर्वांत मोठा तो वर, आणि सगळ्यांचे ओझे सर्वांत लहानाच्या डोक्यावर. अशी उतरंड तोलायची तर भीतीचा टेकू लागतो. तो वरच्याने खालच्याला द्यायचा असतो.

ही माणसे वाईट होती का? मुळीच नाही. तोच तरुण डॉक्टर पहाटे पाच वाजता एका म्हाताऱ्याच्या छातीवर दाब देत घामाघूम झालेला मी पाहिला. त्याच सिस्टरने आईच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवले. त्याच मावशीने, मी डुलकी घेत असताना, आईला स्वतःच्या डब्यातली भाकर चहात कुस्करून भरवली. मग अशा माणसांच्या तोंडी दोन वाजता ती भाषा का येते? माणसे चांगली आणि व्यवस्था अशी की, तिच्यात चांगले राहणे परवडू नये. दुखणे असेल तर ते येथे आहे.

आपल्या शहराला ह्याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. १९२१ साली ह्याच नागपुरात कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने ह्यांनी मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताई बालविधवा, परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या. परक्याच्या घाणीत हात घालणारी ती नर्स, अशी समजूत असलेल्या काळात त्यांनी सुईणपणाला आणि शुश्रूषेला प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ह्या इतिहासात मला एक गोष्ट मोलाची वाटते. जी व्यवस्थेत सर्वांत खालची मानली जात होती, त्या परिचारिकेनेच येथे संस्था उभी केली आणि चालवली. उतरंड उलटता येते, ह्याचा हा पुरावा आपल्याच गावात आहे.

नाशिकच्या भोरसाहेबांचे स्वप्न

देशातल्या प्रत्येकाला औषधपाणी मिळावे हे स्वप्न काही आजचे नाही. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ भोर. नाव साहेबी असले तरी हे गृहस्थ जन्मले नाशिकला आणि शिकले पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. समितीने १९४६ साली अहवाल दिला, आणि त्यात त्या वेळच्या हिंदुस्थानचे जे चित्र आहे ते आज वाचले तरी अंगावर काटा येतो. सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास. जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६२ पहिला वाढदिवस न पाहता जात. सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, आणि ४३,००० माणसांमागे एक नर्स!

समितीचे सांगणे सरळ होते. पैसे नाहीत म्हणून कोणाचाही उपचार अडता कामा नये. आरोग्यसेवा खेड्याच्या दाराशी गेली पाहिजे. सरकारने आपल्या खर्चाचा निदान १५ टक्के वाटा आरोग्यावर घालावा. आणि परिचारिकांच्या नोकरीच्या अटी व राहणी सुधारावी. हे शेवटचे कलम पुढे फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

पुढे काहीच झाले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. २ ऑक्टोबर १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे विणायला सुरुवात झाली. सरासरी आयुर्मान आज सत्तरीच्या घरात आहे. बालमृत्यूचा तो १६२ चा आकडा २०२० साली देशात २८ वर आणि महाराष्ट्रात १६ वर आला होता. आपल्या नागपुरात स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९४७ साली, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ज्याला सारा विदर्भ नुसते 'मेडिकल' म्हणतो. इंदिरा गांधींचे नाव लावूनही जे लोकांच्या तोंडी 'मेयो'च राहिले ते दुसरे. बायाबापड्यांचे डागा रुग्णालय तिसरे. आणि २०१८ पासून एम्सही आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातली माणसे गाठोडी घेऊन ह्या दारांशी येतात. ह्या भिंतींच्या आत रोज किती जीव वाचतात, ह्याचा हिशेब आपण कधी मांडत नाही. बिघडले की मात्र आपल्याला आठवण होते.

तेव्हा भोरसाहेबांच्या स्वप्नाचा इमारतींचा भाग पुष्कळसा झाला. राहिला तो माणसांचा.

अठ्ठेचाळीसाचे चौऱ्याहत्तर

एसटीचा ड्रायव्हर छत्तीस तास जागा आहे असे कळले तर आपण त्या गाडीत पाय ठेवणार नाही. मात्र छत्तीस तास जागा असलेल्या डॉक्टराच्या हाती आपण आपली आई बिनदिक्कत देतो. वर तो हसून का बोलत नाही म्हणून रागावतो.

ह्याला नियम नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या १९९२ सालच्या निवासी डॉक्टरांविषयीच्या योजनेत लिहिलेले आहे की, सर्वसाधारणपणे दिवसाला सलग १२ तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम नसावे, आठवड्यातून एक सुटी मिळावी. नियम कागदावर राहिला. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या गटाने अहवाल दिला. त्यात निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक राबवू नये आणि सात-आठ तासांची झोप मिळू द्यावी, अशी शिफारस आहे. तो गट बिचारा भल्यासाठीच सांगत होता. प्रत्यक्षातले तास त्याहूनही अधिक असल्यामुळे ७४ म्हणजेच सूट वाटावी अशी स्थिती आहे. पण अठ्ठेचाळीसाचे चौऱ्याहत्तर व्हायला बत्तीस वर्षे लागली, हा हिशेब घरात जमाखर्च ठेवणाऱ्या कोणाही गृहिणीला कळेल.

ह्या दमणुकीतच पुढचे सगळे पिकते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. दमलेली ती मुलगी घटकाभर पाठ टेकायला गेली होती चर्चासत्राच्या खोलीत. मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी ह्यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून केलेला छळ असह्य झाला, अशी त्यांच्या घरच्यांची तक्रार आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. पण वरच्याने खालच्याला रगडावे हीच जेथे शिकण्याची रीत मानली जाते, तेथे त्या रगडण्याला जात, लिंग, गाव ह्यांची धार यायला वेळ लागत नाही, एवढे तरी आपण ओळखायला हवे.

चूक कोणाची?

नागपूरपासून साठेक किलोमीटरवर भंडारा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तेथल्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. सात वाचवता आली. त्या सकाळी विदर्भातल्या घराघरांत चूल पेटवताना बायकांचे हात थांबले होते.

चौकशी झाली. आग विझवण्याची पुरेशी व्यवस्थाच नव्हती, हेही उजेडात आले. काही अधिकारी निलंबित झाले आणि कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली. ज्यांनी हलगर्जीपणा केला त्यांना शासन झालेच पाहिजे, ह्यात शंका नाही. तरी मनात येते, उपकरणे खरेदी करणे, विजेच्या तारा तपासणे आणि अग्निशमनाची व्यवस्था करणे ही कामे काही रात्रपाळीच्या कंत्राटी नर्सकडे नसतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात २४ रोगी दगावल्याची बातमी आली. त्यात १२ नवजात बाळे होती. दुसऱ्याच दिवशी एका खासदारमहाशयांनी तेथे जाऊन अधिष्ठात्यांकडून संडास साफ करून घेतला. छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. ते पाहताना मला माझ्या वॉर्डातली ती रात्र आठवली. फोनवरचा तोच आवाज. फक्त एक पायरी वरून आलेला. अधिष्ठात्याला झाडू दिल्याने औषधे येत नाहीत की रिकाम्या जागा भरत नाहीत. आता हा अपमान खाली कुठवर झिरपत जाईल, एवढीच चिंता वाढते.

जेथे चुकीला शिक्षा एवढेच उत्तर असते तेथे चुका थांबत नाहीत, लपतात. शाळेत छडीला भिणारे पोर प्रगतिपुस्तक लपवते, तसे. रुग्णालयात लपवलेली चूक मात्र पुन्हा दुसऱ्या रोग्यावर होते.

विलायतेचा धडा

आपल्याकडे अशी चर्चा निघाली की कोणीतरी विलायतेचे नाव काढतोच. काढण्यासारखे आहेही. भोर समितीचा अहवाल आला त्याला दोन वर्षे होतात न होतात तोच, ५ जुलै १९४८ रोजी, इंग्लंडने आपली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. डॉक्टराकडे जाताना खिशात हात घालायला नको, हे तेथे प्रत्यक्षात आले.

पण त्या सेवेलाही आपली काळी बाजू पाहावी लागली. स्टॅफर्ड गावच्या रुग्णालयात २००५ ते २००९ ह्या काळात रोग्यांची भयंकर आबाळ झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये रॉबर्ट फ्रान्सिस ह्या कायदेपंडितांनी त्या प्रकरणाचा चौकशी-अहवाल दिला, २९० शिफारशींचा. व्यवस्थापन ताळेबंद आणि उद्दिष्टांचे आकडे ह्यांत दंग होते, नर्सा कमी केलेल्या होत्या, आणि काही बिघडते आहे हे दिसणारी माणसे बोलायला भीत होती. पुढे तेथे प्रत्येक रुग्णालयात, कर्मचाऱ्यांना निर्भयपणे बोलता यावे म्हणून एक स्वतंत्र माणूस नेमण्याची पद्धत पडली. आणि उपचारात चूक झाली तर ती रोग्याला सांगणे हे संस्थेवर कायद्याने बंधनकारक झाले. मोफत औषधे हे अर्धे काम, निर्भय माणसे हे उरलेले अर्धे, हा धडा त्यांनाही पासष्ट वर्षांनी गिरवावा लागला.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट मला त्या २९० शिफारशींपेक्षा जवळची वाटते. केट ग्रेंजर नावाच्या तरुण डॉक्टर बाई कर्करोगाने आजारी होऊन रुग्णालयात पडल्या. खाटेवर पडल्या पडल्या त्यांच्या ध्यानात आले की, येणारा-जाणारा कोणीही आपले नाव सांगत नाही. नाव सांगितले ते स्ट्रेचर नेणाऱ्या ब्रायन नावाच्या कामगाराने. म्हणजे आपल्या भाषेत, मामाने! बाईंनी ठरवले, रोग्याशी बोलण्याआधी प्रत्येकाने आपले नाव सांगावे, एवढीच मोहीम काढायची. बाई २०१६ साली गेल्या. मोहीम देशोदेशी पसरली. तिला खर्च शून्य रुपये.

हे वाचले आणि वर्गातल्या माझ्या त्या विधानाची लाज वाटली. नऊ रात्री मी 'सिस्टर, सिस्टर' करीत होतो. एकीचेही नाव मी विचारले नव्हते. त्यांच्या लेखी आई 'चौदा नंबर' होती. नाती तोंडभर, नाव एकाचेही ठाऊक नाही. हे घर कसले?

शिवाय नाते लावले की पगार थोडा दिला तरी चालतो, ही सोय आपल्या भाषेने नकळत करून ठेवली आहे. मावशीला कंत्राटदार किती देतो हे आपण विचारत नाही. खेडोपाडी दार ठोठावणाऱ्या 'आशाताई' सरकारदरबारी स्वयंसेविका. त्यांना वेतन नाही, कामागणिक मोबदला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, आणि त्यानंतर दोन वर्षे उलटण्याच्या आतच महाराष्ट्रातल्या आशांना हक्काच्या पैशांसाठी मुंबईच्या आझाद मैदानात बसावे लागले. ताई म्हणायचे आणि भाऊबीज मागून घ्यायला लावायची, ही कुठली रीत?

ज्वारीचा विमा

आता उजेडाकडे वळू. दिवाळी अंकात नुसता अंधार शोभत नाही, आणि सुदैवाने तो उजेड आपल्या विदर्भातच आहे.

नागपूरहून वर्ध्याकडे जावे तर सेवाग्राम लागते. डॉ. सुशीला नायर ह्यांनी १९६९ साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथे प्रवेश मिळालेला विद्यार्थी प्रथम गांधीजींच्या आश्रमात पंधरा दिवस राहतो, आणि पुढे प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. ज्याला उद्या वरून बोलायचे आहे त्याला आधी खाली बसवणे, असा त्यातला गाभा मला दिसतो. ह्याच संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ज्वारीचा विमा चालवला. सुगीच्या वेळी गावाने ज्वारी गोळा करायची. शेत मोठे त्याने अधिक घालायची, भूमिहीनाने थोडी. आणि आजारपणात सर्वांना सारखी सेवा. विम्याचा हप्ता पायलीने मोजणारी ही माणसे राष्ट्रीय आरोग्य व्यवस्था म्हणजे काय, हे मोठमोठ्या पंडितांच्या आधी समजली होती, असे मला वाटते.

तसेच गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या साध्या बायकांना शिकवून 'आरोग्यदूत' केले. त्या घरोघर जाऊन बाळाचे वजन घेत, त्याला ऊब देत, न्यूमोनिया ओळखत, गरज पडली तर इंजेक्शनही देत. ३९ गावांत हे काम झाले आणि नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उतरंडीत ज्यांना जागाच नव्हती त्या बायकांच्या हाती विद्या दिली, आणि वर विश्वास टाकला. विश्वासाने माणूस काय करू शकतो ह्याचे ह्याहून मोठे उदाहरण मी वर्गात सांगू शकणार नाही.

आपले काय?

वाचकहो, सरकारला चार शब्द सुनावून लेख संपवणे सोपे होते. पण आपणही ह्या गोष्टीतले पात्र आहोत.

आपण मध्यमवर्गीयांनी सरकारी रुग्णालय कधीच सोडले. हाती चार पैसे आले, विम्याची पॉलिसी आली, आणि आपण धंतोलीला लागलो. ज्यांना अर्ज लिहिता येतो, वर्तमानपत्राला पत्र धाडता येते, नगरसेवकाला फोन करता येतो ती माणसे निघून गेली. उरली ती दाराशी जमिनीवर बसणारी. सरकारी शाळेचे जे झाले तेच. महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा ५ लाखांपर्यंत आणि व्याप्ती साऱ्या कुटुंबांपर्यंत वाढवण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, हे चांगलेच. पण विम्याचे कार्ड बिल भरते, रात्री दोन वाजता कुशीवर वळवत नाही. त्यासाठी हाडामांसाची आणि झोप झालेली सिस्टर लागते.

आणि आपण ओरडतो. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण गच्च्यांवर उभे राहून ह्याच माणसांसाठी थाळ्या वाजवल्या होत्या. तरी डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद सांगणारा कायदा महाराष्ट्राला २०१० सालीच करावा लागला होता, आणि त्याची गरज थाळ्या वाजवल्यानंतरही संपली नाही. त्या नऊ रात्रींत एकदा मीही ओरडलो. कशावरून, हे आता आठवतसुद्धा नाही. सिस्टरचा चेहरा आठवतो.

माझे मागणे फार नाही. जे काम कायमचे आहे त्याला माणूस कायमचा असावा. बारमाही आजारपणाला कंत्राटी नर्स कशी पुरेल? निवासी डॉक्टराला झोप मिळावी, आणि ती घ्यायला कडी लागणारी खोली मिळावी. चूक सांगणाऱ्याला आधी ऐकून घेतले जावे, शिक्षेचे मागाहून पाहावे. रोग्यासोबत आलेल्या बाईला बसायला बाक असावे. आणि प्रत्येकाच्या छातीवर त्याचे नाव मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत असावे. हे सारे फुकट होणार नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचा अडीच टक्के वाटा सरकारी तिजोरीतून आरोग्यावर २०२५ पर्यंत खर्चावा, असे २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने ठरवले होते. ते उद्दिष्ट त्या मुदतीत गाठले गेले नाही. भोरसाहेबांचे पंधरा टक्के तर दूरच. पैसा हवाच, पण पैशाबरोबर आदर गेला नाही, तर नव्या इमारतीत जुनाच आवाज घुमेल.

यंदा घरी चकल्या झाल्या तेव्हा आई म्हणाली, "त्या वॉर्डात एक डबा द्यायला हवा. माझं पोट त्यांनी भरलंय." मी आणि मुलगी गेलो. वॉर्ड तसाच भरलेला. तो तरुण डॉक्टर आता दिसला नाही; त्याच्या जागी दुसरा, तसेच तांबारलेले डोळे. मावशी मात्र भेटली. मुलीने डबा पुढे केला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मावशी, वर्ष झालं, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं."

मावशी जरा गोंधळली. पदराला हात पुसून तिने नाव सांगितले, आणि पुन्हा एकदा, गावासकट, पूर्ण सांगितले. ते येथे लिहीत नाही. ते तिने आम्हाला सांगितले आहे, साप्ताहिकाला नव्हे.

परत येताना रिक्षात मुलगी म्हणाली, "बाबा, मी ओरडणार नाही असं काही आज सांगता येत नाही. पण ओरडले तर ज्यांच्यावर ओरडले त्यांचं नाव मला माहीत असेल, एवढं नक्की."

नाव माहीत असलेल्या माणसावर ओरडणे अवघड जाते, हा माझा वीस वर्षांच्या मास्तरकीचा अनुभव आहे. मी तिला तो सांगितला नाही. तिचा तिला येईल.